एकवचन

१

त्या मंगळवारी मी सातवीच्या भूगोलाचं तिसरं प्रूफ वाचत होते. तिसऱ्या प्रुफात सहसा फार काही उरत नाही. एखादी सुटलेली वेलांटी, भलत्या अक्षरावर बसलेला अनुस्वार, एवढंच. प्रेसच्या माडीवर माझं टेबल खिडकीला लागून आहे. खाली यंत्र चालू असलं की टेबलावरची लाकडी पट्टी हळूहळू कडेकडे सरकत जाते आणि दर अर्ध्या तासानं मी ती जागेवर आणून ठेवते. त्या दिवशीही ठेवली. डबा खाल्ला, डबा धुतला. एका नदीचं नाव दोन पानांवर दोन प्रकारे छापलेलं होतं. त्यातलं खरं कुठलं ते नकाशात शोधत असताना फोन वाजला.

पलीकडच्या माणसानं माझ्या मुलीचं पूर्ण नाव घेतलं. घरात आम्ही तिला भिंगरी म्हणतो. पूर्ण नाव ऐकलं की मला आधी तिची शाळाच आठवते.

"आपण त्यांच्या आई का?"

"हो."

तो डोंगरावरच्या निवाऱ्याचा रखवालदार होता. सांगायचं ते त्यानं मनात आधी लावून घेतलं असावं, कारण एकही शब्द मागेपुढे झाला नाही. सकाळी उताराची वाट ढासळली. मुलगी खाली ओढ्यात सापडली. डॉक्टर येऊन गेले. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, बाई.

मी 'हो, हो' म्हणत राहिले. समोरच्या कागदाच्या कोपऱ्यात मी वेळ लिहिली, तीन पस्तीस. का लिहिली ते ठाऊक नाही.

"बाई, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "दुसरी पोहोचली का घरी?"

"दुसरी कोण?"

"त्यांच्याबरोबरची. तिचा काही पत्ता लागत नाही. आम्ही खाली शोधतोय अजून."

"ती एकटी गेली होती."

अशा वेळी माणसाशी वाद घालू नये, अशा सुरात तो म्हणाला, "बरं, बरं. नंतर बोलू."

मालक वर आले तेव्हा मी पानाचा उरलेला भाग वाचत होते. त्या भागात तीन चुका राहून गेल्या, हे पुस्तक छापून आल्यावर कळलं.

२

आमचं घर दोघींचं. तिचे वडील ती चौथीत असताना गेले. गेले म्हणजे दुसऱ्या घरी राहायला गेले. हे वाक्य अजूनही माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, लोकांना फोड करून सांगावं लागतं.

कॉलेजचा शेवटचा पेपर देऊन आली त्याच संध्याकाळी भिंगरीनं जाहीर केलं की ती अठरा दिवस चालणार आहे. पाठीवर सॅक, डोंगराच्या माथ्यामाथ्यानं, एकटी. दर दिवसाच्या चालीवर एक निवारा असतो, तिथे पलंग, चहा आणि एक रखवालदार. आणखी काय लागतं माणसाला?

मग तीन महिने तयारी चालली. दिवाणखान्याच्या भिंतीवर यादी चिकटवलेली. रोज त्यात काही लिहिलं जायचं आणि रोज काही खोडलं जायचं. सॅक पाठीला लावून ती वजनकाट्यावर उभी राहायची, मग सॅक काढून उभी राहायची आणि वजाबाकी करायची. अकरा किलोच्या वर एक सुतळीही नेणार नाही, असा पण होता. एकदा स्वयंपाकघरात बघते तर ही भाजीच्या सुरीनं टूथब्रशची दांडी कापतेय.

"किती वाचलं?"

"चार ग्रॅम."

"आणि माझ्या सुरीची धार गेली, तिचं वजन कुठे मांडणार?"

ताईला हे सगळं मुळातच पसंत नव्हतं. "एकटीनं कसलं गं फिरायचं? बोलायचं कोणाशी?"

"कोणाशीच नाही, मावशी. तेच तर."

"म्हणजे आम्ही इतक्या कंटाळवाण्या?"

"तू नाहीस. तू रेडिओ आहेस. फक्त बंद करायचं बटण सापडत नाही."

मला भीती वाटत होती, पण ती मी भीती म्हणून दाखवली नाही. मी एक अट घातली. रोज संध्याकाळी एक मेसेज, पूर्ण वाक्यात आणि देवनागरीत. रोमन अक्षरांतलं मराठी मी वाचणार नाही.

"आई, मला वाघानं धरलं तरी आधी पूर्णविराम देते," ती म्हणाली, "मग ओरडते."

३

पहिल्या संध्याकाळचा मेसेज असा होता: 'पोहोचले. खोलीत आठ पलंग आणि मी एकटी. कुठल्या पलंगावर झोपू, हा मोठाच प्रश्न आहे.'

दुसरा आणि तिसरा साधारण तसेच. पायाला आलेले फोड, एक घार, सांडलेला चहा.

चौथ्या दिवशी तिनं लिहिलं: 'आज आम्ही ओढ्याकाठी थांबलो. पाणी इतकं गार की दात वाजले.'

मी लगेच उत्तर पाठवलं: 'एकट्या माणसाचं एकवचन असतं. मी थांबले.'

एरवी तिचं उत्तर मिनिटभरात यायचं. त्या दिवशी तासाभरानं आलं.

'तुला खटकत असेल तर "मी" लिहिते.'

मला हसू आलं. मी ताईलासुद्धा फोन करून सांगितलं, बघ, पोरगी डोंगरात गेली तरी माझा लाल पेन तिच्या मागे लागलाय.

त्यानंतर ती एकदाही चुकली नाही. सगळीकडे मी. 'आज मी सावकाश चालले. उतारावर थांबावं लागतं.' 'मी पुढे चालते, म्हणजे वाट सापडते.' एकदा लिहिलं, 'मी खिडकीकडचा पलंग दिला नाही.' मी कळवलं, 'दिला नव्हे, घेतला.' तिनं उत्तर दिलं, 'हो.'

आमच्या कामात पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवतात, की अर्थ वाचायचा नाही. अर्थात शिरलात की डोळा पुढचं आपोआप भरून घेतो आणि चूक सुटते. अक्षरं वाचायची, फक्त अक्षरं. पंचवीस वर्षं मी तशीच वाचत आले आहे. मुलीचे मेसेजही तसेच वाचले.

चौदाव्या दिवशी धुकं पडलं आणि ती शेवटून चौथ्या निवाऱ्यात अडकली. पंधराव्या संध्याकाळी मेसेज आला: 'आई, आपल्याकडे पलंग दोनच आहेत ना?'

वाक्य निर्दोष होतं. स्वल्पविराम जागेवर, प्रश्नचिन्ह जागेवर.

मी लिहिलं: 'दोनच. एक तुझा, एक माझा. तिसऱ्याला जागा नाही. कुत्र्याचं पिल्लू वगैरे उचलून आणू नकोस.'

त्यावर उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता.

४

पुढचं सगळं ताईनं केलं. माणसं आली, बसली, गेली. सॅक परत आली. एक पोलीस अधिकारी घरी येऊन कागदावर सही घेऊन गेले. चांगले होते, पाणीसुद्धा स्वतःच उठून घेतलं. मी त्यांना दुसरीबद्दल विचारलं.

"रखवालदार म्हणतो तसं. पण हरवल्याची तक्रार कोणाचीच नाही," ते म्हणाले. "पंधरा दिवस झाले. कोणीच शोधायला आलं नाही, त्याअर्थी कोणी नव्हतं."

महिन्याभरानं मी ते मेसेज पुन्हा काढले आणि आयुष्यात पहिल्यांदा नुसता अर्थ वाचला. मग सगळे एका कागदावर उतरवले. लाल पेन घेतला आणि चौथ्या दिवसानंतरचा प्रत्येक 'मी' खोडून त्याच्या डोक्यावर 'आम्ही' लिहिलं, क्रियापदं त्याप्रमाणे फिरवली. आज आम्ही सावकाश चाललो. उतारावर थांबावं लागतं. काही ठिकाणी वाक्य आधी थोडं अवघडलेलं होतं, ते आता सरळ झालं. पलंग 'दिला नाही' हेही बरोबरच होतं. चूक तिची नव्हती.

मी शहाण्यासारखा विचार करायचा प्रयत्न केला. वाटेत चालणारं कोणी भेटलं असेल, मैत्री झाली असेल. मग लपवलं का? तर लपवलंच नव्हतं. चौथ्या दिवशी तिनं स्वच्छ सांगितलं होतं आणि मी ते दुरुस्त केलं होतं. ती सोबत चांगली होती की वाईट, हे मला कळायला हवं होतं. वाईट असेल, तर तेवढा एकच शब्द तिच्या हातात होता आणि तो मी काढून घेतला. चांगली असेल, तर तिला घरी आणू का, असं पोरीनं विचारलं होतं आणि मी जागा नाही म्हणाले होते. दोन्हीकडून मीच.

रिकाम्या घरात आवाज येतात असं म्हणतात. आमच्या घरात एकही आला नाही. मी कान देऊन बसायचे. तिच्या खोलीतल्या पलंगावरची चादर जशी ताणून घातली होती तशीच असायची.

"मी तिथे जाऊन येते," मी ताईला सांगितलं.

"काय ठेवलंय तिथे आता?"

"विचारायचंय."

"कोणाला?"

मी सॅक काढून झटकली.

"मग मी येते बरोबर."

"नको."

"छान. म्हणजे तूही एकटीच. पोरीनं शिकवलं, आई शिकली." आणि लगेच तिनं स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला.

५

शेवटच्या गावापर्यंत गाडी गेली. तिथून वर तीन तासांची चढण. सकाळ स्वच्छ होती. वाट खडीची होती आणि डाव्या हाताला उंच कडा. माझं पाऊल पडलं की खडी वाजायची आणि क्षणभरानं मागे पुन्हा एकदा वाजायची. प्रतिध्वनी, हे मला कळत होतं. सातवीच्या विज्ञानाचं प्रूफ मी तीनदा वाचलं आहे.

मग कडा संपला. दोन्ही बाजूंना मोकळं गवत आलं. मागचा आवाज थांबायला हवा होता. थोडं पुढे झाडी होती. झाडीमागे कड्याचा एखादा तुकडा असेल, असं मी ठरवलं आणि चालत राहिले.

निवारा म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. मोठ्या खोलीत चार लोखंडी पलंग, पायथ्याशी घडी घातलेल्या राखाडी घोंगड्या, भिंतीला खुंट्यांची रांग, एक खिडकी. ओल्या लोकरीचा वास. रखवालदार म्हातारा, गुडघ्यातून वाकलेला, कानावर टोपी ओढलेला. मी कोण ते सांगितलं तेव्हा त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली आणि चहा टाकायला गेला.

ताटलीत दोन कप घेऊन आला. मला वाटलं, एक त्याचा. तो उभाच राहिला. दोन्ही कप माझ्यासमोर ठेवले होते.

"कशी होती?" मी विचारलं.

"तुमची? बडबडी. म्हणजे माझ्याशी नाही हो, खोलीत. बोलायची, मग थांबायची, मग हसायची. समोरच्यानं काही म्हटलं की हसतो ना माणूस, तसं."

"समोर कोण होतं?"

"दुसरी."

"तुम्ही पाहिलंत तिला?"

"पाहिलंच की, बाई. दोन कप नेऊन ठेवायचो, दोन्ही रिकामे यायचे."

"चेहरा कसा होता?"

त्यानं सांगायला तोंड उघडलं आणि तसाच राहिला. त्याचा त्यालाच अचंबा वाटला असावा. "पाठमोरी असायची," तो शेवटी म्हणाला. "पलंगावर बसून बूट बांधत असायची."

"दोन दिवस?"

"जेव्हा बघावं तेव्हा."

त्यानं नोंदवही आणली. पान मी ओळखलं. भिंगरीचं अक्षर उजवीकडे झुकतं. तारीख, नाव, गाव, संख्या. संख्येच्या रकान्यात २. पहिल्या ओळीत तिचं नाव, आणि खालच्या ओळीत नावाच्या जागी नुसती दोन टिंबं. वरीलप्रमाणे. गावाखाली दोन टिंबं. सहीखालीसुद्धा.

"आळशी पोर," रखवालदार म्हणाला. "स्वतःचं नावसुद्धा लिहिलं नाही बयेनं."

"आदल्या संध्याकाळी काही भांडण झालं होतं का?"

"भांडण नाही. तुमची मुलगी समजूत घालत होती तिची." तो आठवत राहिला. "आई तसं म्हणत नाही गं, असं काहीतरी. तिला ठाऊक नाही ना, म्हणून म्हणाली. दोन-तीनदा सांगत होती बिचारी. मग आवाज बंद झाले. मला वाटलं, झोपल्या."

मी माझा चहा प्यायले. दुसऱ्या कपाकडे पाहिलं नाही.

६

तोंड धुवायला मी मागच्या नळावर गेले. ऊन होतं, पाणी अंगावर काटा येईल इतकं गार. चेहरा पुसून मान वर केली तेव्हा समोर खोलीची खिडकी होती.

खिडकीकडच्या पलंगावर कोणीतरी बसलं होतं, माझ्याकडे पाठ करून, वाकून. दोन्ही कोपर हलत होते. बूट बांधताना हलतात तसे.

मी ओरडले नाही. मी बघत राहिले, कारण मला ओळखायचं होतं. एवढंच तर करायला आले होते. केस तेवढेच. मान तशीच किंचित डावीकडे. पण भिंगरीची मान डावीकडे असायची की उजवीकडे, ते मला आठवेना. जिला न्हाऊमाखू घालून बावीस वर्षं वाढवलं, जिच्या पाठीला तापात रात्रभर हात लावून बसले, तिची पाठ मला ओळखता येईना. छपाईत शाई पसरली की भ आणि म एकसारखे दिसतात. अशा वेळी आम्ही मागचापुढचा शब्द बघून ठरवतो. इथे मागेपुढे काही नव्हतं. एक पाठ होती.

ती माझी होती, नाहीतर माझ्या मुलीबरोबर बारा दिवस चाललेली ती होती. त्या दोघींतली एक खाली ओढ्यात पडली आणि एक घरी पोहोचली नाही.

"जागा आहे," मी म्हणाले. आवाज काचेपलीकडे जाईल इतका मोठा नव्हता. "घरी जागा आहे. आपण जाऊ."

लेखकांना मी शेकडो वेळा समजावलं आहे की आम्ही म्हटलं तर ऐकणारा बाहेर राहतो आणि आपण म्हटलं तर तो आत येतो. कोणाला आत घेते आहे हे न बघता मी तो शब्द वापरला.

कोपर हलायचे थांबले. मग खांदे हळूहळू सरळ होऊ लागले, वाकलेला माणूस उठायच्या बेतात असतो तसे. मी डोळे मिटून घेतले.

पडवीतून रखवालदारानं हाक मारली. मी वहीत सही केली, सॅक उचलली. तो पायरीपर्यंत आला.

"दोघी सावकाश उतरा," तो म्हणाला. "वाट निसरडी आहे."

खाली जाताना मला उतारावर बऱ्याचदा थांबावं लागलं.

७

याला सात महिने झाले. मी प्रेसमध्ये जाते. तिसऱ्या प्रुफात हल्ली काही सुटत नाही, मालक खूश आहेत.

गेल्या रविवारी ताई आली होती. हात धुऊन येताना म्हणाली, "भिंगरीच्या खोलीतला पंखा चालू राहिलाय गं तुझा."

"असू दे."

"कोणासाठी?"

"खोली कोंदते."

पंखा बंद करायला ती दाराशी गेली, दाराला हात लावला आणि काय वाटलं कोण जाणे, तशीच माघारी आली. नंतर ती बराच वेळ माझा हात हातात घेऊन बसली. बस होती सहाची, पण पाचलाच निघाली.

दुपारी मी घरी असले की आतून पलंगाची कुरकुर ऐकू येते. कधी कोणी पावलं न उचलता फरशीवर पाय फिरवावा तसं काहीतरी. मी बाहेर जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसते. सोबत असल्यासारखं वाटतं, खोटं कशाला सांगू? कधीकधी मी आजच्या कामातलं काही बोलतेही. मग थांबते. उत्तर आलेलं नाही, पण मी बोलते तेवढा वेळ कुरकुर बंद होते.

आत गेले आणि ती माझी नसली, तर माझी मग कुठेच नाही. असलीच, तर मी तिला दुसऱ्याच कोणाची समजून सात महिने दाराबाहेर बसून राहिले. दोन्हींतलं काहीही मला सोसणार नाही, एवढं मला कळतं.

दाराला आतून कडी नाही. ते नुसतं लोटलेलं असतं. मी ते अजून उघडलेलं नाही.